घरात वाचणारे तिघे, पैसे एकापुरते

वाचकाचं पत्र

"मी खासगी नोकरी करते. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. भाड्याची घरं बदलता बदलता पुस्तकांची निम्मी खोकी वाटून टाकली. आता नवं पुस्तक घरात आणायचं तर जुनं बाहेर काढावं लागतं. म्हणून वर्षभर मोबाइलवर वाचतेय. पण रात्री अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात, आणि मधेच मेसेज आला की पुस्तक बाजूला राहतं ते राहतंच. बाबा ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी पुस्तकातली अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्यांनी वाचणंच सोडलंय. धाकटा भाऊ परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याच्याकडे पीडीएफचा ढीग आणि एक जुना लॅपटॉप आहे. दुकानदार म्हणतो टॅबलेट घ्या, तिघांचंही भागेल. मैत्रीण म्हणते ई-रीडरशिवाय, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायच्या यंत्राशिवाय, दुसरं काही घेऊच नकोस. साठवलेले पैसे एका वस्तूपुरते आहेत. चुकलं तर पुन्हा वर्षभर थांबावं लागेल. काय घेऊ?"
– एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही तुमच्याबद्दल पुष्कळ लिहिलंय, भावाबद्दल थोडं, आणि बाबांबद्दल दोनच वाक्यं. त्यातलं दुसरं, त्यांनी वाचणंच सोडलंय हे, मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते. त्यात अजून काही विकत घ्यायचं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात ते बहुतेक वेळा एकाच अंतरासाठी असतं, आणि ते अंतर सहसा लांबचं ठरवलेलं असतं. त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा लख्ख दिसतो, पण हातातलं पुस्तक वाचायला जवळचा चष्मा लागतोच. अनेक ज्येष्ठांना वाटतं की ऑपरेशन झालं म्हणजे चष्मा सुटला. मग अक्षरं दिसेनाशी झाली की ते वयावर खापर फोडतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. दुसरी शक्यता अशी की ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या भिंगामागचा पातळ पडदा धुरकट होतो. तसं झालं असेल तर डॉक्टर लेझरने तो काही मिनिटांत मोकळा करतात, त्यासाठी दवाखान्यात राहावंही लागत नाही. तेव्हा कोणतंही उपकरण घेण्याआधी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि "वाचताना त्रास होतो" हे स्पष्ट शब्दांत सांगा. नुसतं "दिसतं का?" असं विचारलं तर बाबा "दिसतं की" म्हणतील आणि तपासणी तिथेच संपेल. तुमचे साठवलेले पैसे कुणासाठी खर्च करायचे हे या भेटीनंतरच ठरेल. ते कसं, ते पुढे सांगते.

आता खरेदीकडे. दुकानदार आणि मैत्रीण दोघंही वस्तूपासून सुरुवात करताहेत. मी तुम्हाला पुस्तकांपासून सुरुवात करायला सांगेन. आज रात्री एक कागद घ्या आणि येत्या वर्षात तुम्हाला खरोखर वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं लिहा. बाबांना विचारून त्यांची पाच लिहा. भावाला त्याच्या फाइली उघडून दाखवायला सांगा. मग प्रत्येक नावापुढे ते पुस्तक कुठे मिळतं आणि कोणत्या रूपात मिळतं हे लिहा: ईपब, पीडीएफ, फक्त एखाद्या दुकानाच्या अॅपमध्ये, की फक्त छापील. या कामाला एक संध्याकाळ जाईल. पण ती संध्याकाळ वाचवून जी वस्तू घेतली जाते ती दोन महिन्यांनी कपाटात जाऊन बसते, हे मी माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत पाहिलंय.

एवढा आग्रह धरते त्याला कारण आहे. पडद्यावर वाचायच्या पुस्तकांच्या मुळात दोन जाती आहेत, आणि त्यांना लागणारी उपकरणं वेगळी आहेत. ईपब म्हणजे वेबपानांसारख्या पानांचं एक गाठोडं. त्यातला मजकूर मोकळा असतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागतात, पडदा लहान असला तर पानं वाढतात, वाचणाऱ्याला काही त्रास होत नाही. पीडीएफ मात्र छापलेल्या कागदाचा हुबेहूब साचा असतो. पान जसं मांडलं तसंच राहणार. पडदा लहान असेल तर सगळं पानच आक्रसतं, अक्षरांसकट.

किती आक्रसतं याचा हिशेब सांगते, कारण दुकानात तो कुणी सांगत नाही. ए-४ कागदाचा कर्ण साधारण १४.३ इंच असतो. त्यावर १२ पॉइंटमध्ये (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) छापलेला मजकूर ६ इंची ई-रीडरवर पूर्ण पान दिसेल असा उघडला तर अक्षर होतं ५ पॉइंटचं. औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर असतं तसं. समास कापून, पडदा आडवा करून ते सातापर्यंत नेता येतं, पण मग एका पानासाठी दोन-तीनदा सरकवावं लागतं. १० इंची टॅबलेटवर तेच अक्षर साधारण साडेआठ पॉइंटचं दिसतं. वाचता येतं, तासन्‌तास नाही. आणि तुमच्या भावाचा जुना लॅपटॉप जर साडेपंधरा इंची असेल तर त्याचा पडदा उभा केला की अक्षर ११ पॉइंटपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ कागदाइतकंच.

हे करायला फार सोपं आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ओरिएंटेशन 'पोर्ट्रेट' केलं की चित्र फिरतं. मग लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा कडेवर उभा करायचा, एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड, आणि स्पेसबारने पान पुढे न्यायचं. हवा आत-बाहेर जाण्याच्या फटी झाकल्या जाणार नाहीत एवढं बघा. परीक्षेच्या अभ्यासाला खुणा करणं, शब्द शोधणं, दोन फाइली शेजारी ठेवून ताडून बघणं हे सगळं लॅपटॉपवरच नीट होतं. तेव्हा भावासाठी काहीही विकत घेऊ नका. त्याचं काम घरातल्याच वस्तूवर, दुकानदाराच्या टॅबलेटपेक्षा चांगलं होणार आहे.

भावाच्या ढिगातल्या मराठी फाइलींबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. जुन्या मराठी पीडीएफ दोन प्रकारे फसवतात. काही म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. काही जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग येते. या दोन्हींत शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही, मोबाइलला वाचूनही दाखवता येत नाही. फाइल कोणत्या जातीची आहे हे बघायचं तर एक ओळ कॉपी करून मेसेजच्या चौकटीत चिकटवा. नीट मराठी उमटलं तर त्या फाइलीत शब्द शोधता येतील आणि ती वाचूनही दाखवता येईल. फोटोवरून मजकूर ओळखणारी साधनं आता मराठीही बऱ्यापैकी ओळखतात. टेसरॅक्ट नावाचं फुकट साधन आहे, गूगल ड्राइव्हमध्येही सोय आहे. पण ओळखलेला मजकूर मुळाशी ताडून घ्यावा लागतो. दहा पानांच्या प्रकरणासाठी ते करावं, चारशे पानांच्या पुस्तकासाठी नाही.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या दोन तक्रारी आहेत, डोळे आणि मेसेज. त्या दोन्हींचं उत्तर एकच असेल असं मैत्रिणीला वाटतंय. मला त्या वेगळ्या करायच्या आहेत.

डोळे चुरचुरण्यामागे बऱ्याचदा कोरडेपणा असतो. पडद्याकडे एकटक बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी मिटतो. खोली अंधारी आणि पडदा झगझगीत असेल, मोबाइल नाकाजवळ धरलेला असेल, अक्षर बारीक असेल तर त्रास वाढतो. म्हणून पहिला महिना असा करून बघा. घरात कुठे तरी एखादा जुना स्मार्टफोन पडलेला असेल. त्याची बॅटरी फुगलेली नाही ना हे आधी पाहा; मागची बाजू उचलल्यासारखी दिसली तर तो वापरू नका, चार्जही करू नका. ठीक असेल तर फोन रिसेट करा, सिमकार्ड काढा, फक्त एक वाचनाचं अॅप ठेवा, पुस्तकं केबलने भरा आणि एअरप्लेन मोड लावून टाका. अँड्रॉइडवर 'रीडएरा' किंवा 'लिब्रेरा' चालतील, आयफोनवर 'बुक्स' आधीपासूनच असतं. बँकेचं किंवा मेलचं खातं त्या फोनवर ठेवू नका, जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येत नसतात. खोलीत दिवा लावा, पडद्याचा उजेड त्या दिव्याशी जुळेल एवढाच ठेवा, अक्षर आत्ता आहे त्यापेक्षा दोन पायऱ्या मोठं करा. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब कुठे तरी बघा.

महिनाभरात मेसेजचा प्रश्न संपलेला असेल, कारण त्या फोनवर मेसेज येणारच नाही. डोळ्यांचा प्रश्न कमी झाला की तसाच राहिला हे तुम्हाला कळेल. कमी झाला असेल तर तुमचा वाचनाचा मार्ग फुकटात सापडला. मी स्वतः तीन वर्षं अशाच एका जुन्या फोनवर वाचत होते, आणि त्या तीन वर्षांत माझं वाचन आधीपेक्षा वाढलं. लहान पडद्यावर चांगलं वाचता येत नाही हे मला मान्य नाही. मोकळ्या मजकुराची कादंबरी लहान पडद्यावर उत्तम वाचता येते.

तरीही रात्रीच्या वाचनासाठी ई-रीडरला एक बाजू आहे, ती नाकारणार नाही. डिसेंबर २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. बोस्टनमधल्या संशोधकांनी १२ जणांना झोपण्यापूर्वी चार-चार तास, पाच रात्री चमकत्या पडद्याच्या टॅबलेटवर वाचायला लावलं आणि तितकेच दिवस कागदी पुस्तक. टॅबलेटवर वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. माणसं थोडी होती, पडद्याचा उजेड पूर्ण ठेवलेला होता आणि चार तास रोज कुणी वाचत नाही, म्हणून या आकड्याने घाबरून जाऊ नका. पण झोपायच्या आधी वाचायचं असेल तर उजेड जितका मंद तितका बरा, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

ई-रीडरचा पडदा मुळातच वेगळा असतो. त्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या उलट. वीज ज्या दिशेने दिली त्याप्रमाणे पांढरे वर येतात किंवा काळे, आणि एकदा वर आले की तिथेच थांबतात. म्हणून पान दिसत राहायला वीज लागत नाही, पान बदलायला लागते. यामुळेच त्यांची बॅटरी आठवडे टिकते. अंधारात वाचण्यासाठी जो दिवा असतो तो कडेने पानावर उजेड टाकतो. मोबाइलसारखा पडद्यामागून डोळ्यांत येत नाही. उन्हात तर हा पडदा कागदासारखा अधिकच स्पष्ट दिसतो. शिवाय ६ इंची ई-रीडर १६० ते २०० ग्रॅमचा असतो, १० इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास. आडवं पडून वाचणाऱ्याला हा फरक पहिल्याच रात्री मनगटात कळतो.

महिन्याच्या प्रयोगानंतरही तुम्हाला ई-रीडर हवासा वाटला तर घ्या, आणि वापरलेला घ्यायला बिचकू नका. या वस्तूत झिजण्यासारखं फारसं काही नसतं. पण तीन गोष्टींवर तडजोड नको. पहिली, पडद्यावर एका इंचात ३०० ठिपके हवेत; यालाच पीपीआय म्हणतात. रोमन लिपीला १६७ ठिपके चालून जातात. आपल्या लिपीत अक्षराच्या वर रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर, तिथे १६७ला ष्ट्र आणि ष्ठ यांतला फरक कळायला डोळे ताणावे लागतात. उदाहरण द्यायचं तर किंडल या अॅमेझॉनच्या ई-रीडरच्या २०१९च्या साध्या मॉडेलवर १६७ ठिपके आहेत, २०२२च्या साध्या किंडलवर ३००. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून विकणाऱ्याला कोणत्या वर्षीचं मॉडेल हे विचाराच. दुसरी, आतला दिवा हवा. तिसरी, मराठी नीट उमटलं पाहिजे. या तिसरीबद्दल जरा थांबून सांगते.

देवनागरी दाखवणं म्हणजे नुसती अक्षरं ओळीने मांडणं नव्हे. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी बसते, र कधी डोक्यावर जातो कधी पायाशी, अर्धी अक्षरं एकमेकांत गुंफली जातात. ज्या यंत्राला किंवा अॅपला हे जमत नाही तिथे वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. घेण्यापूर्वी स्वतःची एक मराठी ईपब फाइल त्यावर उघडा आणि 'वाऱ्यावर', 'स्त्री', 'कर्तृत्व', 'राष्ट्रीय', 'किर्र' असे शब्द शोधून पाहा. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र नीट दिसला तर बहुधा बाकीचंही नीट दिसेल. फाँट आवडला नाही तर 'नोटो' किंवा 'मुक्त' या नावांचे देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात. किंडल आणि कोबो या दोन्ही ई-रीडरमध्ये 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये ते टाकता येतात.

वापरलेला ई-रीडर बघताना पूर्ण पांढरं पान आणि जास्तीत जास्त काळं असलेलं चित्र दोन्ही उघडा. रेघ किंवा डाग असेल तर लगेच दिसतो. या पडद्याखाली बहुतेक वेळा पातळ काच असते आणि ती पिशवीत दाबली जाऊन तडकते. वरून काहीच दिसत नाही, पण चित्राचा एक कोपरा गोठून राहतो. अंधाऱ्या खोलीत त्याचा आतला दिवा लावून बघा. आधीच्या मालकाने आपलं खातं त्यावरून काढलंय ना हे समोर करून घ्या, नाहीतर ती वस्तू कागदोपत्री त्याचीच राहते. आणि फार जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी नको: २०२२मध्ये काही जुन्या किंडलवरून थेट पुस्तक विकत घेण्याची सोयच बंद झाली. रंगीत पडदा, पाण्यात भिजली तरी चालणारी काया, लिहायचं पेन, ३२ जीबी जागा, यांपैकी कशासाठीही पैसे मोजू नका. शब्दांचं पुस्तक बहुधा एक-दोन एमबीचं असतं, ८ जीबीत तुमच्या आयुष्यभराचं वाचन मावेल. कव्हर मात्र घ्या, मघाशी सांगितलेल्या काचेसाठी.

कोणत्या कंपनीचा? इथे तुमची दहा पुस्तकांची यादी उपयोगी पडेल. कोबो, पॉकेटबुक यांसारखे ई-रीडर ईपब फाइल केबलने टाकली की सरळ उघडतात. किंडलचं स्वतःचं वेगळं रूप आहे. ईपब त्यावर पाठवता येते, पण ती कंपनीच्या सर्व्हरवरून रूपांतरित होऊन येते. ही सोय २०२२पासून आहे. कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम तुमच्या स्वतःच्या संगणकावर करतं. कोविद गोयल यांनी ते २००६मध्ये सुरू केलं, कारण त्यांनी घेतलेला सोनीचा ई-रीडर त्यांच्या लिनक्स संगणकाशी जुळत नव्हता. जगभरच्या वाचकांनी एकही पैसा न देता वापरलेलं हे साधन एका माणसाच्या अडचणीतून उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. भावाच्या लॅपटॉपवर ते घालून घ्या.

माझा स्वतःचा कल ईपब सरळ उघडणाऱ्या यंत्राकडे आहे. तुमच्या यादीतली सहा-सात पुस्तकं फक्त किंडलच्या दुकानात मिळत असतील तर माझा कल विसरा आणि किंडल घ्या. मात्र विकत घेतलेलं ई-बुक बऱ्याचदा आपल्या मालकीचं नसतं, ते वाचायची परवानगी आपल्याकडे असते, हे मनात असू द्या. जुलै २००९मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली, पण पुस्तक रात्रीतून नाहीसं होऊ शकतं हे लोकांनी पाहिलं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, तिथेही पैसे परत मिळाले. आणि २६ फेब्रुवारी २०२५पासून किंडलचं विकत घेतलेलं पुस्तक अॅमेझॉनच्या वेबसाइटवरून संगणकावर उतरवून केबलने भरण्याची सोयही गेली. मी एका लहान दुकानातून घेतलेली काही पुस्तकं ते दुकान बंद पडल्यावर अशीच गमावली, आणि मला कुणी पैसे परत दिले नाहीत. त्यातली दोन मला पुन्हा कुठेच मिळाली नाहीत. तेव्हापासून कुलूप नसलेली, म्हणजे कुठल्याही दुकानाच्या अॅपशी न बांधलेली, फाइल मिळत असेल तर मी तीच घेते आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवते.

महिन्याची वर्गणी भरून हवं तेवढं वाचा, अशा योजना असतात. तुमच्या यादीतली निम्मी पुस्तकं त्या योजनेत असतील आणि तुम्ही महिन्याला दोन-तीन पुस्तकं खरोखर संपवत असाल तरच त्यांचा विचार करा. वर्गणी थांबली की पुस्तकंही जातात.

खर्च न करता मिळणाऱ्या पुस्तकांचा साठा लहान नाही. मायकेल हार्ट यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आज सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत, मुख्यतः इंग्रजी. मराठी विकिस्रोतावर जुनं मराठी साहित्य स्वयंसेवकांनी अक्षर अक्षर तपासून युनिकोडमध्ये आणलंय, आणि तिथून पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं. म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं. इंटरनेट आर्काइव्हवर साठा प्रचंड आहे, पण बहुतेक पानांचे फोटो, ते लॅपटॉपवरच बरे. लेखकाच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं हे देशोदेशी वेगळं आहे, कुठे ५०, कुठे ६०, कुठे ७०. जिवंत लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मेसेजमधून फिरतात. त्या घेऊ नका. मराठी लेखकाला पुस्तकामागे मिळतं किती थोडं, आणि तेही आपणच काढून घ्यायचं हे मला सहन होत नाही. तुमच्या ग्रंथालयाला ई-पुस्तकं उसनी देण्याची सोय आहे का हेही विचारा. लिबी नावाचं अॅप अनेक देशांतली ग्रंथालयं वापरतात आणि त्यावरची पुस्तकं कोबोवर बऱ्याच ठिकाणी सरळ येतात.

आता बाबांकडे परत. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर दोनांपैकी एक होईल. नव्या चष्म्याने किंवा त्या छोट्या उपचाराने बाबांना छापील पुस्तक वाचता यायला लागलं तर त्यांना कोणत्याही यंत्राची गरज नाही. ग्रंथालयातून पुस्तकं आणून द्या, आणि साठवलेल्या पैशांवर तुमचा हक्क आहे. महिनाभर जुन्या फोनवर वाचून झाल्यावर तुमच्यासाठी वापरलेला, ३०० ठिपक्यांचा ई-रीडर शोधा.

पण चष्मा लावूनही छापील अक्षर पुरत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ते पैसे बाबांचे. तेव्हा त्यांच्यासाठी १० इंची टॅबलेट घ्या, वापरलेला चालेल. ई-रीडर नको, कारण अक्षर खूप मोठं केलं की ६ इंची पडद्यावर ओळीत तीन-चारच शब्द मावतात आणि सारखी पानं उलटत बसावं लागतं. टॅबलेटवर काळ्या पानावर पांढरी अक्षरं करता येतात, काही ज्येष्ठांना तेच सोपं जातं. तो हातात धरायला लावू नका, जड होतो. समोर टेकू देऊन ठेवा. आणि डोळे थकले की तोच टॅबलेट मराठी ईपब मोठ्याने वाचूनही दाखवेल; अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये मजकूर वाचणाऱ्या आवाजात मराठी निवडता येतं. आवाज यंत्राचाच आहे, सुरुवातीला कानाला खटकतो, पण दोन-तीन दिवसांत कान सरावतो. अशा वेळी तुम्ही जुन्या फोनवरच वाचत राहाल. हे तुम्हाला कमीपणाचं वाटू नये म्हणून तर त्या फोनबद्दल एवढं सविस्तर लिहिलं.

टॅबलेट आणलात तर तो खोक्यातून काढून तसाच बाबांच्या हातात देऊ नका. आधी त्यांच्या यादीतलं पहिलं पुस्तक त्यावर भरा, अक्षर त्यांना लागेल एवढं मोठं करा, बाकीच्या अॅपची सगळी चित्रं पडद्यावरून काढून टाका, आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडून ते बसतात त्या खुर्चीसमोर ठेवा. पान पुढे कसं न्यायचं तेवढंच शिकवा. बाकी काही त्या दिवशी सांगू नका.

तुमची,
सदरलेखिका